वाजवून घेतलेला डबा

सबेला डबा कानाशी नेत नाही,
लोकांना उगाच तसं वाटतं.
ती फक्त काठी टेकवते झाकणावर,
चमच्याएवढी, टोकाला लाकडी मणी,
आणि डबा आपणहून सांगतो
आत हवा शिरली आहे की नाही.

टिंग. जाऊ दे पुढे.
ठप्. बाजूला.

गालिसियाच्या खाडीवर हा कारखाना,
खिडकीतून शिंपल्यांचे तराफे दिसतात,
आणि बत्तीस वर्षं
ट्यूनाच्या अर्ध्या किलोच्या डब्यांची रांग
तिच्या मणगटाखालून गेली आहे.

मी आलो तेव्हा माझ्याकडे एक मायक्रोमीटर होता
आणि दोन आकडे.
जुना पत्रा सतरा शतांश मिलिमीटर,
नवा चौदा.
तीन शतांश म्हणजे किती रे, तिनं विचारलं.
म्हटलं, केसाच्या निम्म्याहून कमी.
ती म्हणाली, माझे आता त्याहून विरळ झालेत, ब्राइस.

दोन कोटी डब्यांमागे एकशे नव्वद टन पोलाद वाचतं,
हे मी तिला पडद्यावर दाखवलं.
तिनं मान हलवली,
पावसाचा अंदाज ऐकताना कोळी हलवतात तशी.

पहिल्या आठवड्यात सहाशे डब्यांनी
वाफेच्या टाकीतून बाहेर येताच
पोटं आत ओढून घेतली.
मग आम्ही त्यांच्या अंगावर वळ्या पाडल्या,
आधी सात, मग नऊ.
पातळ कापडाला चुण्या घातल्या की ते ताठ उभं राहतं,
पोलादाचंही तसंच निघालं.
कल्हईही बदलली होती.
कथलाचा थर तोच,
पण त्यावरचं क्रोमचं नारिंगी पाणी गेलं,
ज्यानं गिरणीतल्या माणसांच्या नाकाची कातडी जायची.

प्रयोगशाळेनं शिक्का मारला.
सबेलानं पहिली खेप वाजवली
आणि सगळीच्या सगळी बाजूला काढली.

ठप्. ठप्. ठप्.

तीन दिवस भिंतीपर्यंत डबे.
मुकादम आंतोन चिडला, मी शिवणी कापून पाहिल्या,
भिंगाखाली दुहेरी घडी
पोस्टाच्या पाकिटासारखी नीट बसलेली.
चूक डब्यांची नव्हती.
तिचीही नव्हती.
पातळ झाकण खालच्या पट्टीत बोलत होतं, एवढंच.
मडकं वाजवून घ्यावं, हे खरं;
पण मातीच बदलली तर
कानानं काय करावं?

शनिवारी ती एकटी बसली.
मी तिच्यासाठी तीनशे चांगले डबे ठेवले
आणि तीनशे सुईनं टोचलेले,
खूण फक्त तळाला.
डोळे मिटून ती वाजवत राहिली.
पहिल्या तासात चाळीस चुकले.
तिच्या आईच्या काळी शिवणीला डाख शिशाचा,
ते डबे कसे वाजायचे, मी मध्येच विचारलं.
बद्द, ती म्हणाली. सगळेच बद्द.
आणि आईचे हातही.
पुढचा डबा दे.

संध्याकाळी दोन चुकले.
ते दोन तिनं पुन्हा मागून घेतले.

आता पट्ट्यावर एक मायक्रोफोन टांगलाय.
तिच्या प्रत्येक ठोक्याचं तो टिपण ठेवतो,
पुढच्या वर्षी ती नसेल तेव्हा तोच ऐकेल.
हे तिला ठाऊक आहे, मीच सांगितलं,
सांगताना नजर टाळली.
शिकव त्याला, ती म्हणाली,
पण संशय आला तर दोनदा वाजवायला शिकव.
ते मला अजून जमलेलं नाही.
यंत्राला संशय कसा शिकवायचा?

आवाराच्या टोकाला भंगाराचा ढीग.
दर गुरुवारी क्रेनचं चुंबक खाली येतं
आणि चेपलेले, टोचलेले, जुने, नवे,
सगळे एकाच झडपेत वर उडतात.
चुंबकाला टिंग कळत नाही, ठप् कळत नाही.
भट्टीतून पत्रा होऊन ते इथेच येतील,
कदाचित बारा शतांशांचे,
कदाचित आणखी खालच्या पट्टीतले.

सबेला जेवणाच्या सुट्टीत दाराशी उभी राहून बघते.
खिशात काठी.
ढीग वर जाताना जो आवाज होतो
त्याला तिनं अजून नाव दिलेलं नाही.